परतीचा साठा

एक्केचाळीस टक्के.

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आकडा तोच. आदल्या संध्याकाळपासून ही बया भिंतीला तोंड लावून वीज पीत होती आणि सकाळी साडेसातला हिच्या पोटात एक्केचाळीस टक्के! पस्तीस वर्षं विजेच्या उपकेंद्रात काढलेल्या माणसाच्या घरात, त्यानं स्वतःच्या हातानं लावलेल्या चार्जरवर हे घडावं, म्हणजे माझा पारा कुठवर चढला असेल ते तुम्हीच समजा.

"कोल्हापूर ते देवरुख एकशेदहा किलोमीटर," मी मेधाला ऐकवलं. मेधा माझी बायको, आणि गाडी घेऊन जाणार होती तीच. "जायला पस्तीस टक्के लागतात. येताना आंबा घाट चढायचाय. त्याला काय करणार आहेस? ढकलत आणणार?"

"पुरेल," मेधा म्हणाली.

"अगं, कसं पुरेल?"

"पुरेल हो."

तिची बॅग मीच उचलून डिकीत ठेवली. चांगली जड होती. "पुस्तकं आणायला निघालीस ना? मग बॅग रिकामी न्यायची असते, भरून नव्हे," असं म्हणून मी माझ्याच विनोदावर हसलो. "जुन्या चादरी आहेत, पुस्तकं गुंडाळायला," ती म्हणाली. मी शटर वर केलं आणि सेवा केंद्राला झापायला आत गेलो. फोनवर बराच वेळ सनई वाजत होती. गाडी कधी बाहेर पडली ते मला कळलं नाही, कारण या गाड्यांना आवाज नसतो. मेधा निघताना काय म्हणाली तेही मी ऐकलं नाही.

ही गाडी आमच्याकडे आली तीन वर्षांपूर्वी. पहिल्याच दिवशी तिनं आमचा पाणउतारा केला. मेधानं रीतीप्रमाणे नाकावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, ते नेमकं रडारच्या डोळ्यावर. चारही चाकांखाली लिंबं ठेवली. मी आत बसलो, नारळ फुटला, आणि गाडी म्हणाली, "चाकाखाली वस्तू आहे. पुढचे दिसत नाही. मी हलणार नाही." शेजारीपाजारी पेढ्यांसाठी उभे! शेवटी लिंबं काढली, स्वस्तिक ओल्या फडक्यानं पुसलं, तेव्हा कुठे स्वारी हलली. खिडकीत बसलेली अक्का पोट धरून हसत होती. "अहो, तिला कसली दृष्ट लागतेय? तिलाच दृष्टी आहे," असं ती म्हणाली होती.

अक्का म्हणजे मेधाची थोरली बहीण, नीलांबरी. देवरुखच्या शाळेत गणित शिकवायची; तिथल्या तिच्या दोन खोल्या आणि पुस्तकं अजून तशीच होती. लग्न केलं नाही. मूत्रपिंडं बिघडली तेव्हा मेधानं तिला आमच्याकडे आणलं, आणि रस्त्याकडची खोली दिली. अकरा वर्षं ती त्या खोलीत राहिली. खाट, रेडिओ, आणि खिडकीतून दिसणारी रहदारी. दर गुरुवारी मेधा तिला डायलिसिसला न्यायची. पुढेपुढे गाडीला ते इतकं पाठ झालं, की गुरुवार उजाडला की आपण होऊन विचारायची, "नीलांबरी यांना घेऊन दवाखान्यात जायचे ना?"

दीड महिन्यापूर्वी अक्का त्याच खोलीत गेली.

माणसं भेटायला आली, बसली, आणि उठून न बोलता गेली. दुःखाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. एरवी 'जातो' म्हटलेलं आपल्याला खपत नाही. पण अशा घरी 'येतो' म्हणणं म्हणजे पुन्हा असाच प्रसंग येवो म्हणण्यासारखं. समोरचे घाटगे सवयीनं "येतो हं" बोलून गेले आणि तिथंच त्यांनी जीभ चावली.  मेधा तेव्हा कशालाच काही बोलत नव्हती.

गुरुवारी गाडीनं पुन्हा विचारलं, "नीलांबरी यांना घेऊन..." मेधा स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसून राहिली. मी त्याच दिवशी गाडीच्या यादीतून अक्काचं नाव काढून टाकलं. मला वाटलं, चांगलं केलं. पंधराव्या दिवशी मी गवंडी बोलावला. बॅटरीला ऊन सोसत नाही, तीन फेजचा मीटर त्या खोलीच्या भिंतीला लागूनच, आणि खोली तर रिकामीच झाली होती. खिडकी फोडून तिथं शटर बसवलं. खाट माळ्यावर टाकली. चार्जर भिंतीला ठोकला. "कसं झालंय?" मी मेधाला विचारलं होतं. "सोयीचं," ती म्हणाली. मला ती शाबासकी वाटली.

आता या एक्केचाळीस टक्क्यांमागचं शास्त्र सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तुम्हांला भारनियमन आठवत असेल. माझी पिढी तर त्या शब्दावरच वाढली. मध्यंतरी ते संपलं, आणि मग रस्त्यावर लाखो विजेच्या गाड्या आल्या. संध्याकाळी सात वाजता सगळ्यांनी एकदम प्लग खुपसला की गल्लीबोळातली रोहित्रं, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, धडाधड जळायची. त्यावर तोडगा निघाला तो असा: गाडीची बॅटरी ही नुसती गाडीची नाही, ती सगळ्या गावाची पाण्याची टाकी. प्रत्येक गाडीनं आपल्याला उद्या लागेल तेवढीच वीज ठेवायची, उरलेली तारेतून परत द्यायची. जाण्यापुरती वीज, आणि वर येण्यापुरती; त्या दुसऱ्या भागाला नाव पडलं 'परतीचा साठा'. उद्या कोण कुठं जाणार आणि परत येणार का, हे गाडीनंच ओळखायचं. सकाळी सगळ्या गाड्यांचे अंदाज गोळा होतात आणि त्यावरून गावोगावच्या चार्जिंग केंद्रांना दिवसभराची वीज वाटून दिली जाते. पद्धत हुशारीची आहे, मी नाव ठेवणार नाही. गाडीच्या जाहिरातीतच होतं, 'आम्ही विचारत नाही, आम्ही ओळखतो.' मला ते वाक्य फार आवडलं होतं.

सेवा केंद्रातून दुपारी दोनला तांबोळीबाई आल्या. पंचेचाळिशीच्या, शांत, खांद्याला हत्यारांची पिशवी. त्यांनी चार्जर तपासला, वायरिंग तपासलं, आणि मान हलवली.

"काय सुदीक बिघाड नाही ओ सर. चार्जर झकास आहे."

"मग एक्केचाळीस का?"

"गाडीनंच तेवढं ठेवलंय. उरलेलं पहाटे परत दिलंय तारेत." त्यांनी माझ्या फोनवर कसलं तरी पान उघडलं. "मंगळवारी नवीन आवृत्ती आली बघा. ती लांबच्या प्रवासाला..." आणि त्या बोलायच्या थांबल्या.

"काय झालं?"

"सर, तुम्ही बसा जरा."

मी बसलो नाही. फोन त्यांच्या हातातून घेतला. पडद्यावर आजची तारीख, मेधाचं नाव, देवरुख. आणि खाली एक ओळ:

परतीची शक्यता: नऊ टक्के.

 आंबा घाट डोळ्यांपुढे आला, ती वळणं, तो दरीकडचा बुटका कठडा. या गाडीला मेधाच्या डोळ्यांवरची झापड कळते, हाताची थरथर कळते, छातीचे ठोकेसुद्धा सीटमधून कळतात. तिला काहीतरी कळलंय आणि तिनं, त्या निर्लज्ज डब्यानं, आम्हांला सांगायचं सोडून परतीची वीज वाचवली! मी मेधाला फोन लावला. पोचेना. परत लावला. पोचेना.

"अहो, ती मरणाराय असं गाडीला कळलं आणि गाडीनं काय केलं, तर वीज विकली?" मी तांबोळीबाईंवर ओरडलो.

"सर, सर! तसलं काही नाही. हे बघा, धोक्याचा रकाना वेगळा आहे. तिथं शून्य आहे. मॅडम बारालाच पोचल्यात. गाडी देवरुखात उभी आहे, सहा टक्के शिल्लक." त्या जरा घुटमळल्या. "गाडीचं म्हणणं एवढंच, की मॅडम सुखरूप पोचतील, आणि..."

"आणि?"

"आणि परत यायच्या नाहीत. आपल्या मर्जीनं."

आता मात्र मी बसलो. खुर्ची नव्हती, चार्जरखाली जमिनीवरच बसलो. बत्तीस वर्षांचा संसार. भांडण नाही, आदळआपट नाही. कालच रात्री तिनं मला आवडतं म्हणून पिठलं केलं होतं. आणि एक गाडी मला सांगते, की माझी बायको मला सोडून गेली?

"कशावरून?" मी विचारलं. 

तांबोळीबाईंनी ते नीट समजावून सांगितलं. नव्या आवृत्तीनं राज्यभरच्या लाखो गाड्यांमधली निघतानाची बोलणी पडताळून पाहिली होती. माणसं कुठं चाललो, कशाला चाललो हे सांगताना फसवतात. पण दारातून निघताना तोंडातून जे बाहेर पडतं ते सवयीनं. जे 'येतो', 'येते', 'जाऊन येतो' म्हणतात, ते त्याच दिवशी परत येतात. जे 'जातो', 'जाते' म्हणतात, ते बहुधा येत नाहीत. दुसऱ्या कुठल्याच खुणेवरून इतकं अचूक ओळखता येत नव्हतं. पोरवयात मी एकदा दारातून "जातो" म्हटलं तर आईनं दंडाला चिमटा काढून परत बोलावलं होतं आणि "येतो" म्हणायला लावलं होतं. तिला जे ठाऊक होतं ते शोधायला यंत्राला लाखो गाड्या ऐकाव्या लागल्या.

"गावातल्या गावात गाडी हे बघत नाही," त्या म्हणाल्या. "लांब निघालं की बघते. मागची सगळी बोलणी काढते. ही मॅडमची."

पडद्यावर यादी होती. शटर बसल्यापासूनच्या एकोणीस फेऱ्या: बाजार, बँक, दाताचा डॉक्टर. प्रत्येक तारखेपुढे एकच शब्द. जाते. जाते. जाते. जाते.

एकोणीस वेळा ती घरातून निघताना 'जाते' म्हणाली आणि मी एकदाही ऐकलं नाही. मी कुठं होतो? घरातच होतो! पेपर वाचत होतो, नाहीतर चार्जरचे दिवे बघत होतो. परक्या गाडीनं तिचा निरोप ऐकला, टिपून ठेवला, आणि नवऱ्याला त्याचा पत्ता नाही. मला त्या क्षणी जी शरम वाटली, तशी आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"आवाज आहेत का?" मी विचारलं. "ऐकता येतील?"

"मालक म्हणून येतील. पण सर..." तांबोळीबाई चाचरल्या. "बाईमाणसाचं खासगी बोलणं असतं."

त्यांचं बरोबर होतं. तरी मी बटण दाबलं.

आधी दार लागल्याचा आवाज. मग मेधाचा श्वास. आणि मग तिचा तो खालच्या पट्टीतला आवाज, जो मी दीड महिन्यात घरात ऐकला नव्हता:

"अक्का, जाते गं."

मी दुसरं लावलं. "अक्का, जाते हं." तिसरं. "जाते गं अक्का. वेळ नाही लागायचा."

"अक्का कोण?" तांबोळीबाईंनी विचारलं. "यादीत तर असं नाव नाही. यादीत नसलेल्या माणसाचं नाव गाडी लेखी नोंदीतनं आपोआप पुसते. परक्यांची नावं नोंदवायची नाहीत, असा नियमच आहे."

यादीत नाव नव्हतं, कारण ते मीच काढलं होतं.

मी भिंतीकडे पाहिलं. चार्जर जिथं ठोकला होता, तिथं अक्काची उशी असायची. गाडी उभी राहायची ती बरोबर खाटेच्या जागी. मेधा दर वेळी या खोलीत येऊन, गाडीचं दार लावून, जिथं तिची बहीण गेली तिथं बसून निघत होती. दुःखाच्या जागेतून निघताना माणूस 'येते' म्हणत नाही. ती माझा निरोप घेतच नव्हती! ती अक्काशी बोलत होती, आणि रीत पाळत होती. ही रीत यंत्राला कोण सांगणार? त्यानं नाव पुसलं, रीत त्याला ठाऊक नाही, आणि उरलेल्या एका शब्दावरून माझा संसार मोडीत काढला.

मला रडू आलं आणि हसूही आलं. गाडी चुकली होती! मी तांबोळीबाईंना सगळं भराभरा सांगितलं. त्या ऐकून डोळे पुसायला लागल्या.

"आमच्यातसुदीक तसंच म्हणतात," त्या म्हणाल्या. "मय्यताच्या घरातनं 'येतो' म्हणून कोण निघत नाही."

मग त्यांनी मला सावध केलं. गाडी चुकली असली तरी तिचा अंदाज सकाळीच पुढे गेला होता. देवरुखच्या केंद्राला आजची वीज मिळाली होती ती मेधाची गाडी वगळून. म्हणजे तिनं यायचं म्हटलं तरी तिला चार्ज मिळणार नव्हता. ती येणार नाही असं यंत्रानं ठरवलं आणि मग ती येऊच शकू नये अशी सोयही करून ठेवली!

"दोन वाटा आहेत," त्या म्हणाल्या. "एक तर चालवणाऱ्यानं स्वतः तोंडानं सांगायचं, की मी परत निघालेय. नाहीतर मालकानं इथनं नोंद टाकायची. हे बटण बघा. तुम्ही दाबलं की लगेच चार्ज सुरू."

मी बटणावर अंगठा नेला, आणि माझी नजर पुन्हा त्या चार्जरवर गेली. आधी ते काढायचं. मी मेन स्विच पाडला, तांबोळीबाईंच्या पिशवीतला पाना घेतला आणि भिंतीवरचे बोल्ट ढिले करायला लागलो.

"सर, वॉरंटी जाईल."

"जाऊ द्या."

तिसरा बोल्ट निघाला तेव्हा सव्वाचार वाजले होते. फोन वाजला. मेधा! तांबोळीबाई न सांगता अंगणात गेल्या.

"अहो, गाडी चार्ज घेत नाहीय," मेधा म्हणाली. मागे कुणाच्या तरी रिक्षाचा भोंगा वाजत होता.

"माहितेय! घाबरू नकोस!" मी ओरडलोच. आणि मग एका दमात सगळं सांगितलं: नवी आवृत्ती, नऊ टक्के, पुसलेलं नाव, 'येते' आणि 'जाते'. "यंत्राला काय डोंबल कळतंय सुतक! तू अक्काला म्हणालीस आणि गाडीला वाटलं मला म्हणालीस. म्हणजे तू परत येणारच नाहीस असा गाडीचा समज! सांग आता!"



"मेधा? ऐकतेयस ना?"

"तुम्ही माझी बोलणी ऐकलीत."

"हो. ऐकायला नको होती. पण..."

"गाडी चुकली नाही," मेधा म्हणाली.

"म्हणजे?"

"बॅगेत चादरी नव्हत्या. माझ्या साड्या होत्या. चौदा. आणि औषधं, आणि आईची अंगठी. तुम्हीच उचलून ठेवलीत डिकीत." तिचा आवाज अगदी शांत होता. "मी राहायलाच आले होते इथं. अक्काच्या दोन खोल्यांत. तुम्हांला पत्र लिहून ठेवलंय, डब्यांच्या फळीवर, पोह्यांच्या डब्याखाली. म्हटलं, उद्या सकाळी पोहे करायला घ्याल तेव्हा मिळेल."

 पाना माझ्या हातातून गळून फरशीवर पडला. तो आवाज तिलाही ऐकू गेला असावा. गाडीनं चुकीच्या शब्दावरून बरोबर ओळखलं होतं. आणि मी, बरोबर सगळं समजून, पुन्हा एकदा तोंडावर पडलो होतो. सकाळी ती 'पुरेल' म्हणाली होती. जायला पुरेल, असं म्हणत होती ती. साधा मराठी शब्द, आणि मला समजला नाही.

"का?" एवढंच मी म्हणालो.

"पंधराव्या दिवशी, अहो. पंधराव्या दिवशी तुम्ही तिची खिडकी फोडलीत. मला विचारलं नाहीत. विचारलंत ते झाल्यावर, कसं झालंय म्हणून." ती म्हणाली. "बत्तीस वर्षं तुम्ही मला काही विचारलं नाही. तुम्हांला वाटायचं, तुम्ही ओळखता. आज इथं केंद्रावर आले, तर गाडीनं विचारलं, आपण परत जाणार आहात का? अर्धा तास झाला, प्रश्न समोर आहे. मला उत्तर देता येईना."

त्या बटणाचं पान फोनवर अजून उघडंच होतं. दाबलं असतं तर चार्ज सुरू झाला असता. मी मालक होतो.

"तुम्ही तिथनं काही करू नका," ती म्हणाली. तिला काय कळलं कोण जाणे.

मी फोन कानापासून लांब केला, बटणाचं पान बंद केलं आणि परत कानाला लावला. "नाही करत," मी म्हणालो. तोंडाशी एक प्रश्न आला होता: राहायलाच गेलीस, तर मग चार्जिंगच्या रांगेत कशाला उभी राहिलीस? तो मी गिळला. तो प्रश्न तिलाही पडलेला असणार. मला भीती वाटत होती, खरंच सांगतो. तेहतीस हजार व्होल्टच्या शेजारी उभा राहिलोय मी, पण इतका कधी घाबरलो नव्हतो.

"मेधा, मी चार्जर काढलाय. तीन बोल्ट निघालेत, एक राहिलाय. अक्काच्या उशीच्या जागी ठोकला होता मी तो. मला ते आज दिसलं. चुकलो मी. फार चुकलो."

"काढलात? मग आता कुठं लावणार?"

"माहीत नाही."

"आणि खिडकी?"

"माहीत नाही गं. तू सांग. तू म्हणशील तसं. नाही म्हणालीस तरी... नाही म्हणालीस तर साड्यांबरोबर स्वेटर नेलास का? देवरुखला पहाटे गारठा असतो."

 पलीकडून गाडीचं दार लागल्याचा तो ओळखीचा आवाज आला आणि त्यामागून गाडीचा सभ्य, नाटकी आवाज:

"आपण आज कोल्हापूरला परत जाणार आहात का?"



"जाते," मेधा म्हणाली.

"आपला शब्द: जाते," गाडी म्हणाली. "परतीची शक्यता: नऊ टक्के. वीज देता येत नाही. क्षमस्व."

"अगं बाई, जाते म्हणजे येते!" मेधा ओरडली.

"समजले नाही. कृपया पुन्हा सांगा."

आणि मेधा हसली. दीड महिन्यात पहिल्यांदा. आधी बारीक, मग अक्कासारखी पोट धरून. हसता हसता ती रडायला लागली, तेही मला ऐकू आलं. मी इकडे भिंतीला टेकून उभा होतो आणि माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं. अंगणातून तांबोळीबाई डोकावून गेल्या.

मग तिनं नाक ओढलं, घसा साफ केला, आणि सावकाश, एखाद्या पोराला शिकवावं तसं म्हणाली:

"येते."

फोन बंद झाला. फोनच्या पडद्यावर गाडीच्या विजेचा आकडा सहा होता. तो बराच वेळ सहाच राहिला. मग सात झाला, मग आठ.

मी चौथा बोल्ट काढला, चार्जर उतरवून कोपऱ्यात ठेवला आणि तांबोळीबाईंना म्हटलं, माळ्यावरून एक खाट खाली काढायचीय, जरा हात लावाल का. तो शेवटचा शब्द मेधा गाडीला म्हणाली की मला, हे काही कळलं नाही. ओळखायचा प्रयत्न मी करणार नाही. ती आली की दारातच उभा राहून विचारणार आहे.